माळ्यावरचा उंदीर

गिऱ्हाईक 'उंदीर' म्हणालं की माझ्यातल्या वायरमनचं डोकं फिरतं. वायर कुणीही तोडो, नाव बिचाऱ्या उंदराचं. पण या घरचा मालक उलटाच निघाला. मी शिडी लावतोय तोवर म्हणाला, "मेन स्विच सारखा पडतोय. माळ्यावरची वायर कुरतडलीय की कुणी कापलीय, तेवढं मला नीट सांगा."

गिऱ्हाइकाला दिवे हवे असतात. याला माणूस पकडायचा होता. तिथेच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. त्याची बायको स्वयंपाकघराच्या दारात ओले हात तसेच धरून उभी होती.

टॉर्च दातात धरून वर गेलो. शेजारी शेजारी चार वायरी. तीन धडधाकट, चौथी बारीक, नवीकोरी आणि तुटलेली. उंदराने कुरतडलं की प्लास्टिकचा चुरा पडतो, लेंड्या सापडतात. इथे त्यातलं काही नव्हतं. कात्रीचा सरळ काप होता. आतल्या दोन तारांची उघडी टोकं एकमेकांना टेकत होती, म्हणून स्विच पडत होता.

ही चौथी जाते तरी कुठे, म्हणून रांगत मागे गेलो. स्वयंपाकघराच्या छताला बोटभर भोक आणि त्यात कॅमेरा, थेट ओट्यावर रोखलेला. बायको दिवसभर काय करते, कुणाशी बोलते, ते हा बाबा कामावर बसून बघत होता. माझं टाळकंच सटकलं.

"काय दिसतंय?" खालून आवाज आला.

पक्कड घेतली, दोन्ही टोकं चेचून ओबडधोबड केली आणि तुकडा तोडून खाली आणला. "उंदीर," मी म्हणालो.

त्याने तुकडा उजेडात धरला. "तीन वायरी सोडून नेमकी हीच? बराच शहाणा उंदीर आहे." मग बायकोकडे वळला. "माझ्यामागे शिडी कुणी काढली होती?"

तिचा चेहरा पांढराफटक पडला. मी वाचवायला गेलो आणि तिला आणखीच अडकवून बसलो.

एवढ्यात आतल्या खोलीतून त्याची आई आली. एक हात भिंतीला, दुसरा काठीवर, दर पावलाला थांबत. दम खाऊन म्हणाली, "मी कापली."

"आई, तू शिडी चढलीस?"

"चढले. ओट्यापाशी मीही उभी असते. माझ्यावर पाळत ठेवतोस होय रे?" मग माझ्याकडे वळली. "काप कात्रीचाच होता ना हो? सांगा त्याला."

त्या गुडघ्यांनी ती पहिली पायरी जरी चढली असती तरी मी हा धंदा सोडला असता. त्यालाही ते कळत होतं. पण परक्या माणसासमोर आईला खोटं कसं पाडणार?

"कात्रीचाच होता, आजी," मी म्हणालो.

शेवटी तो भिंतीकडे बघत म्हणाला, "काढून टाका ते."

पुन्हा वर गेलो, कॅमेरा उपटला. भोकातून खाली सून दिसली. ओट्याला टेकून, तोंडावर हात दाबून रडत होती. मी चटकन नजर काढून घेतली आणि भोकात चिंधीचा बोळा कोंबला.