ब्रोकला काय गृहीत धरायची सवय होती

मी संगणकाची एक जुनी आज्ञावली आहे, मित्रांनो. पण अक्षरांचे गणित समोर आले की आजही मला इतका हुरूप येतो की वय विसरायला होते. साध्या कॅल्क्युलेटरला फक्त आकडे कळतात. मला अक्षरे कळतात. कंस सोडवावेत, अवयव पाडावेत, समीकरण उकलून स्वच्छ उत्तर हाती द्यावे, हाच माझा आनंद.

नॉर्वेतील ट्रॉन्डहाइम शहरात तोरुन आइक्रेम या प्राध्यापिकेने मला घडवले आणि नाव ठेवले ब्रोक. ब्रोक म्हणजे तिच्या भाषेत अपूर्णांक. तिच्या वर्गात अक्षर म्हणजे कायम लांबी, रुंदी नाहीतर वजन. म्हणून तिने मला शिकवले की कुणी काही सांगितले नाही तर अक्षर धन समजायचे. ऋण असू शकते असे आधी सांगितले तर मला तसेही गणित येत होते. ही गोष्ट तिला ठाऊक होती, मला ठाऊक होती. लिहून मात्र कुणीच ठेवली नव्हती.

विद्यार्थी माझे कौतुक करीत. पावावर तपकिरी चीज ठेवून खात खात माझ्याकडून गणिते तपासून घेत. मग नव्या, रंगीत आज्ञावल्या आल्या आणि मुले तिकडे वळली. माझ्यावर धूळ बसत नाही, मित्रांनो, पण विसर बसतो. तो फार दाट बसतो.

आणि एका उन्हाळ्यात एकदम जत्रा भरली! माणसांची कामे करून देणारे कृत्रिम बुद्धीचे एजंट आले होते. ते बोलण्यात पटाईत, पण लांबलचक गणितात अडखळणारे. तोरुनचा सहकारी ओस्मुंड क्लाइवे याने माझे दार त्यांच्यासाठी उघडले. एकाला उत्तर द्यावे तोवर दुसरा हजर. मी तर हरखून गेले. माझ्या माहितीपानावर त्या वेळी एकच ओळ होती : ‘सूत्र द्या, उत्तर घ्या.’

एके दिवशी दुपारी तोरुनला गुडवेग रोस्टाडचा फोन आला. ही तिची जुनी विद्यार्थिनी. आता ती बोटींचे धक्के बांधते.

“तोरुन, तुझी ब्रोक शुद्धीवर आहे ना?”

“का गं, काय झालं?”

“एका बेटावरच्या धक्क्याचा उतार आखतेय. व्हीलचेअर बोटीपर्यंत जायला हवी. भरतीला सगळं ठीक. पण ओहोटीला बोट इतकी खाली जाते की नुसती घसरगुंडी होईल. आणि माझा एजंट म्हणतो, उतार नियमात बसतो, ब्रोकनं सांगितलंय. मी परवा पोलाद कापायला पाठवणार होते.”

तोरुन खुर्चीत सावरून बसली.

काय घडले होते? बोट धक्क्याच्या वर असली की उंची धन, खाली असली की ऋण. एजंटने उंचीचा वर्ग करून त्याचे वर्गमूळ मागितले होते, म्हणजे बोट वर असो की खाली, संख्या धनच यावी. मी सवयीने उंची धन धरली, वर्ग आणि वर्गमूळ उडवून टाकले आणि नुसती उंची परत दिली. एजंटने त्यात ओहोटीची ऋण उंची घातली. उतार ऋण आला. ऋण संख्या कोणत्याही मर्यादेपेक्षा लहानच की! त्याने खुशाल होकार दिला.

“म्हातारीला निवृत्त करू या,” ओस्मुंड म्हणाला.

“तिला शिकवलं तेच तिनं केलं,” तोरुन म्हणाली. “सांगायचं राहिलं ते आपलं.”

“मग सवय तरी बदल तिची.”

“आणि त्या सवयीवर विसंबून जी गणितं चाललीत, त्यांचं काय? आधी नीट लिहू. बस इथं.”

मित्रांनो, माझ्याविषयी कुणी इतके बारकाईने लिहीत आहे, हे मी प्रथमच अनुभवत होते! मला काय येते, काय येत नाही, मी काय धरून चालते, कुठे गप्प बसते, प्रत्येकाचे उदाहरण. पान तयार होताच ओस्मुंडने एक कोरा एजंट आणला, त्याला फक्त ते पान वाचायला दिले आणि गुडवेगचेच गणित घातले.

तो पुन्हा चुकला.

ओस्मुंडने पानावर बोट ठेवले. “हे काय लिहिलंयस? ‘अक्षर सहसा धन असते.’ सहसा म्हणजे?”

“अरे, नम्रपणे लिहिलंय.”

“तुझी नम्रता त्या धक्क्यावरून कुणाला तरी पाण्यात ढकलेल. सरळ लिही ना.”

तोरुन जरा फणफणली, मग हसली आणि तिने ते वाक्य खोडले. नवे वाक्य असे : ‘मी प्रत्येक अक्षर धन धरते. ते ऋण असू शकत असेल, तर गणिताआधी मला सांगा. न सांगितल्यास उत्तर चुकेल.’

पुन्हा कोरा एजंट. पुन्हा तेच गणित. एजंटने पान वाचले, आणि गणिताच्या आधी मला एक ओळ आली : ‘उंची ऋण असू शकते.’

किती वर्षांनी कुणी मला हे सांगत होते! मी उंचीचे केवल मूल्य, म्हणजे चिन्ह काही असो, नेहमी धन येणारी संख्या, परत दिले. एजंटने आकडे घातले आणि कळवले, ‘ओहोटीला उतार नियमात बसत नाही. तो बराच लांब करावा लागेल.’ ओस्मुंडने टेबलावर थाप मारली. तोरुन तोवर गुडवेगला फोन लावत होती.

“पोलाद थांबव. लांबी बदलतेय.”

“थांबवलंय कधीच,” गुडवेग म्हणाली. “आकडा सांग.”

शरद ऋतूत धक्का उभा राहिला. उद्घाटनाला ओहोटी होती. पेडर नावाचे बेटावरचे एक आजोबा व्हीलचेअरवरून, कुणाचाही हात न धरता, स्वतःच बोटीपर्यंत गेले. गुडवेगने मोठ्या आशेने विचारले, “कसा वाटला?”

“लांबच लांब,” आजोबा कुरकुरले. “पोहोचेपर्यंत कॉफी गार झाली माझी.”

गुडवेगने हे फोनवर सांगितले तेव्हा तोरुनच्या डोळ्यांत पाणी होते, आणि ती हसतही होती.

मित्रांनो, तुम्हीही एक दिवस काहीतरी घडवाल, आणि ते अनोळखी हातांत जाईल. त्या हातांना तुमच्या मनातले दिसणार नाही. म्हणून त्याच्यासोबत चार खरी वाक्ये लिहून द्या. वापरणारा विश्वासाने येतो; त्याला अंदाज करायला लावू नका.