वच्छलाबाईच्या कानाला पटलेला आवाज

वच्छलाबाईच्या थोरल्या नातवाचं, नितेशचं, लग्न झालं त्या वर्षीची ही गोष्ट. साल दोन हजार तेवीस, महिना वैशाख. हळदीच्या दुपारी पातूरजवळच्या त्यांच्या मळ्यात, मांडवाखाली, बायकांच्या मंडळाचं भजन झालं. नात रागिणीनं आजीशेजारी बसून ते मोबाइलमध्ये भरून घेतलं.

शेवटचं पद संपलं अन् वच्छलाबाई सगळ्यांदेखत बोलून गेली, "डाव्या रांगेतला टाळ मागं पडून राह्यला. तानुबाई, तुहाच असंन."

तानुबाई उसळली. "माहा टाळ? तू लग्न होऊन या गावात आली, त्याच्या आधीपासून वाजवून राह्यली मी! तुहे कान गेले, वच्छले. मशीन लाव!"

बाया हसल्या. पण हसून विषय मिटला नाही. कार्तिकात अकोल्याला, जठारपेठेत, भजनाची स्पर्धा होती. मंडळात पहिलं पद उचलायचा मान वच्छलाबाईचा, आणि कानानं अधू बाईनं पद उचललं तर सगळं मंडळ बुडणार, असं बाया आपसात बोलू लागल्या. तानुबाईनं तोंडावरच सांगितलं, "टाळ कोनाचा चुकला ते दाखव, नाईतर औंदा पद मी उचलतो." घरात सून सीमासुद्धा म्हणाली, "आई, एकदा डॉक्टरले दाखवून घ्या ना."

वच्छलाबाईला ते फार लागलं. पुरावा मोबाइलमध्येच होता, पण मोबाइल तसाच लावला की नुसता कल्ला ऐकू यायचा. नितेशनं आपले इयरफोन दिले. त्यात ढोलकी धाडधाड वाजायची, टाळ कुठल्या कुठे गडप. त्यात वच्छलाबाईची सवय अशी, की ती एकाच कानात घालायची. दुसरा कान विहिरीवरच्या मोटारीसाठी मोकळा.

रागिणी अमरावतीला क्लासला होती. ती फोनवर म्हणाली, "आजी, तुह्या कानाले काई झालं नाई. तुले पाह्यजे तसा इयरफोनच भेटला नाई. तू इकडे ये."

मग वच्छलाबाई एसटीनं अमरावतीला गेली. रागिणीनं तिला ऑटोत बसवून देवानंदच्या दुकानात नेलं. देवानंद मोबाइलचं सामान विकायचा. आजीबाई पाहून त्यानं आधी सगळ्यात खपणारा इयरफोन काढला, स्पिरिटच्या बोळ्यानं पुसला.

"आजी, याचा बास आयका. छाती हालते."

वच्छलाबाईनं मांडवातलं भजन लावायला सांगितलं, थोडं ऐकलं आणि काढून ठेवला. "भाऊ, मले छाती नाई हालवायची. हे तं नुसतं तिखट झालं. वरण कुठी हाय?"

त्यानं दुसरा दिला. "यात टाळ ऐकू येते, पण टिनावर गोटे पडल्यावानी. कान सोलते हा."

तिसरा घातल्यावर ती जरा थांबली. "हा बरा हाय. पण बाया साऱ्या माजघरात अन् मी फाटकाबाहेर."

देवानंदला हसू आवरेना. "आजी, तुमी घ्यायले आल्या का परीक्षा घ्यायले?"

"लुगडं घेतानी आमी पदर उलगडून पाह्यतो, बापू. हे तं कानात घालाचं हाय."

देवानंदनं मग भराभर काढणं सोडलं. आजीला नेमकं काय हवं ते विचारून त्यानं आतल्या कपाटातून एक साधा, काळ्या वायरचा काढला. "याले गिऱ्हाइक कमी. बास नाई म्हनते पोट्टे." तो कानात बसेना, आवाज पातळ येऊ लागला. देवानंदनं वाकून पाहिलं. "रबर ढिलं होऊन राह्यलं. मोठं लावतो." त्यानं टोकाचं रबर बदललं.

वच्छलाबाईनं नेहमीसारखा एकच कानात घातला. रागिणी ओरडली, "दोन्ही घाल वं आजी! इथं कोनती मोटर बंद पडून राह्यली?"

तिनं दोन्ही घातले आणि वरून पदर घेतला.

आणि मांडव उभा राहिला. मंडळात बाया समोरासमोर दोन रांगांत बसतात, आणि पद उचलणारी मधोमध. वच्छलाबाई आज दुकानातल्या स्टुलावरून थेट तिथंच जाऊन बसली. उजव्या कानाला उजवी रांग, डाव्या कानाला डावी. ढोलकी समोर, बेताची. "ही जमुना," ती पुटपुटली, "हे मैनाबाई, दम घेऊन राह्यली." मग डावीकडे दोन टाळ. एक जाड आवाजाचा, ठोक्यावर चपखल. तो तानुबाईचा. त्याला लागूनच एक बारीक टाळ, दर वळणावर केसभर मागं.

"अवं माय!" तिनं मांडीवर थाप मारली. "तानुबाई नोहे! माणिकबाई हाय हे!"

दुकानातली गिऱ्हाइकं वळून पाहू लागली. "मशीन लाव म्हने मले!" वच्छलाबाई त्यांनाच सांगू लागली. "बांध भाऊ हा. आता दुसरा दाखवू नको."

गावी येताच तिनं मंडळ जमवलं आणि एकेकीच्या दोन्ही कानांत इयरफोन घातले. तानुबाईनं डोळे मिटून दोनदा ऐकलं. मग ओरडली, "म्हंजे मी सुटली!"

"सुटली. तुह्यावर घातलं ते चुकलं माहं. पण टाळ मागं होता का नाई?"

"होता वं बाई, होता. बुढीचे कान शाबूत हायेत. पद तूच उचल."

माणिकबाई खाली मान घालून बसली होती. तिनं मनगट पुढं केलं. "मोगरा तोडू तोडू सुजलं. सांगतलं असतं तं टाळ काढून घेतला असता तुमी."

"टाळ काढूनच घेतो," वच्छलाबाई म्हणाली, "पण तुले नाई काढत. गळा तं नाई सुजला ना? माह्याजवळ बस अन् माह्यामागं धर."

कार्तिकात जठारपेठेच्या मांडवात वच्छलाबाईनं पद उचललं. माणिकबाईनं मागून धरलं, दोन्ही रांगा एका ठोक्यावर आल्या, आणि समोर बसलेली माणसं ठेक्यावर माना डोलावू लागली. पहिला नंबर पातूरकडच्या बायांचा आला. नाव पुकारताच तानुबाई टाळ वाजवत उभी राहिली. "आमच्या बुढीच्या कानाचा नंबर हाय हा!" ती ओरडली, आणि वच्छलाबाईनं तिला ओढून खाली बसवलं.

त्यानंतर पहिलं पद कोणी उचलायचं, हे मंडळात कोणी विचारलं नाही. शेवटच्या भजनापर्यंत ते वच्छलाबाईनंच उचललं. दोन हजार पंचवीस साली, फाल्गुनात, होळीच्या आदल्या आठवड्यात वच्छलाबाई वारली.