घासलेलं खोड

काचघरातल्या त्या एका झाडापायी थोरल्या माळ्याचं डोकं पार चक्रावलं होतं. दूरच्या वर्षावनातलं झाड, त्यानेच बी रुजवून वाढवलेलं. फळं म्हणे गोड असतात. अकरा वर्षं झाली, फळाचं नाव नको! खत घातलं, पाणी वाढवलं, फांद्या छाटल्या, एकदा तर चिडून शिव्याही हासडल्या. झाड आपलं ढिम्म.

त्यात खोडावर मधूनच पांढरी बुरशी धरायची. मग हा पठ्ठ्या ब्रश घेऊन खोड असं लख्ख घासायचा, की सख्ख्या पोरांनाही कधी इतकं घासून न्हाऊ घातलं नसेल.

शेवटी बागेच्या मुख्य बाईंनी सांगून टाकलं, "दादा, पुढच्या एक तारखेला झाड तोडू या. नुसती जागा अडलीय."

"बाई, माझं चुकतंय कुठे, तेच कळेना हो!" त्याला रडूच फुटायचं बाकी होतं.

नेमकी तेव्हाच त्याची कंबर धरली. महिनाभर अंथरूण. बायको त्याच बागेत झाडलोट करायची, झाडाला पाणी घालायचं काम तिच्याकडे आलं.

"खोड घासतेस ना गं?" तो रोज विचारायचा.

"घासते हो," ती म्हणायची आणि कूस बदलायला मदत करायची.

एक तारखेला तो लंगडत काचघरात पोचला. झाडाला शेवटचं बघावं, एवढंच मनात होतं. बघतो तर काय, बुंध्यापासून वरपर्यंत खोडालाच काळी टपोरी फळं चिकटलेली! करवतवाला बाजूला उभा राहून फळं खात होता.

"अगं, घातलंस तरी काय?"

बायको चाचरली. "रागवू नका. खोटं बोलले मी. गुडघे दुखतात माझे, घासलंच नाही. ती बुरशी नव्हती हो, फुलं होती. त्यांचीच फळं झाली."

त्याने खोडावरून हात फिरवला. अकरा वर्षं आपणच आपल्या हाताने... त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"झाड राहणार, दादा," बाई हसून म्हणाल्या. "आता सांभाळा नीट."

त्याने पिशवीतला ब्रश काढून बायकोच्या हातात दिला.

"झाड हिच्याकडे द्या, बाई. माझे हात गप्प बसायचे नाहीत."