वळणापुरती चासी

"आबा, खाली बघू नका," सुयोग म्हणाला, म्हणून देवजीने खालीच बघितलं.

डाव्या खिडकीखाली रस्ता संपला होता आणि दरीतल्या सागांचे शेंडे दिसत होते. ट्रक नवाकोरा, पण अर्धाच. पुढे केबिन, मागे नुसत्या दोन लोखंडी तुळया आणि चाकं. या उघड्या चासीवर काय चढवायचं ते घेणाऱ्याने ठरवायचं. देवजीने भातगिरणी ठरवली होती.

सापगावातली त्याची गिरणी बापाच्या हातची. हल्ली गावातलं भात व्यापारी परस्पर उचलतात, त्यामुळे गिरणी दिवसचे दिवस बंद असते. वरच्या पाड्यातली माणसं तेवढी अजून डोक्यावरून भात आणतात. तेव्हा गिरणीच चाकांवर घालून पाड्यावर न्यायची, असा त्याचा बेत. अडलं होतं ते चासी आखूड घ्यायची की लांब, यावर. आखूड चासीवर नवं, लहान यंत्र बसलं असतं. बापाचं बिडाचं यंत्र मावायला लांबच हवी. देवजीला ते यंत्र सोडवत नव्हतं आणि तसं कबूलही करवत नव्हतं, म्हणून तो आठवडाभर लांब चासीचे गुण गात होता.

त्याचा मुलगा सुयोग कल्याणला टेम्पो चालवायचा. त्याच्या मते पाड्याच्या वळणावर एवढी लांब गाडी वळणं अशक्य. त्यावर देवजी बैलाचा कासरा घेऊन वळणावर गेला, रस्ता मोजून गाठी मारून आला आणि मुरबाडच्या शोरूममध्ये सगळ्यांदेखत तो कासरा चासीला लावून दाखवला. बरोबर बसत होता. सुयोगने कपाळाला हात लावला, पण वाद नको म्हणून एका सकाळपुरती लांब गाडी चालवून बघायला मागून घेतली.

आता त्याच वळणात पुढची चाकं छान वळली. देवजी पोराला टोमणा मारणार, तेवढ्यात आरशात मागचं चाक दिसलं. ते पुढच्या चाकामागून येतच नव्हतं, आत कापत दरीकडे सरकत होतं. बैलगाडी जागच्या जागी वळते. जन्मभर तिच्याच मापाने रस्ते मोजणाऱ्याला हे सुचलंच नव्हतं. कडेचा मुरूम सुटला. दगड खाली गेले आणि त्यांचा आवाज बराच वेळ येत राहिला.

सुयोगने ब्रेक दाबून धरला. आपल्या हट्टापायी पोरगा दरीच्या तोंडाशी बसलाय, एवढंच देवजीला कळत होतं.

"थांब. मी उतरून मागं बघतो."

"उतराल कुठं? तुमच्या बाजूला रस्ता नाय."

वरून पाड्यातली म्हातारी सकुबाई उतरत होती, डोक्यावर भाताचं बोचकं. बोचकं खाली ठेवून ती गाडीमागे जाऊन उभी राहिली आणि बैल मागे घ्यावा तसा हाताने चाकाला इशारा करू लागली. वीत वीत करत गाडी मागे सरकली.

गाडी वळणाबाहेर आल्यावर देवजी खाली उतरला. मग त्याने सकुबाईला सगळं सांगितलं, बापाच्या यंत्राचंही. पोरासमोर प्रथमच.

"ऱ्हाऊ दे ते यंत्र खाली," सकुबाई म्हणाली. "माझी मान नाय ऱ्हायली आता वझं न्याया. लहान आन देवजी, पन वर आन."

देवजीने खांद्यावरच्या कासऱ्याच्या गाठी चाचपल्या. मग सुयोगला म्हणाला, "आखूडच सांग रे शोरूमवाल्यांना."

सकुबाईला त्यांनी केबिनमध्ये बसवून सापगावला आणलं. दुपारी देवजीने तिचं भात बापाच्या यंत्रावर भरडलं. कोंडा गिरणीवाल्याने ठेवायचा, अशी रीत. आज त्याने तोही तिच्या फडक्यात बांधून दिला. तिने तो सोडून परत जमिनीवर ओतला.

"वर येशील तवा कोंडा घेशीलच ना? मग आज का नको?"

ती गेल्यावर देवजीने इंजिन बंद करून यंत्राचा पट्टा उतरवला. बांधायला दोरी हवी होती. कासऱ्याच्या गाठी त्याने एकेक करून सोडवल्या, त्यानेच पट्टा बांधला आणि बाप तो टांगायचा त्या खुंटीला टांगला. मग खाली बसून कोंडा भरू लागला.