दहा ते दोन चित्र नाही

डिसेंबर लागला आणि आमच्या टीव्हीनं एक नवाच नेम धरला. रोज सकाळी दहाच्या सुमाराला चित्र आधी चौकोन चौकोन व्हायचं, मग गोठायचं, मग निळ्या पडद्यावर 'सिग्नल नाही' अशी पाटी यायची. दुपारी दोनच्या पुढेमागे, कुणी हातही न लावता, चित्र परत. संध्याकाळच्या बातम्या स्वच्छ, रात्रीचा पिक्चर स्वच्छ. जायचं ते फक्त दहा ते दोन.

आणि एक वाजता आईंची मालिका असते.

आई म्हणजे माझ्या सासूबाई, यमुताई. दिवसभरात त्या स्वतःसाठी म्हणून बसतात ते तेवढा अर्धा तास. "बाकी दुनियेचं सगळं दिसते," त्या म्हणायच्या, "माझ्याच वेळेले काहून जाते हे? त्या सुनेनं घर सोडलं का नाही सोडलं, मले आठ दिवसांपासून माहीत नाही."

दुसऱ्या कुणाच्या घरी हे झालं असतं तर कुणी लक्षही दिलं नसतं. पण आमचं घर अँटेनावाल्या चंपतरावांचं. चंपतराव माझे सासरे. मी त्यांना मामाजी म्हणते, आमच्याकडे सासऱ्यांना तसंच म्हणतात. घरांवर ॲल्युमिनियमच्या काड्यांच्या अँटेना होत्या तेव्हापासून जरीपटक्यापासून कन्हानपर्यंत छतांवर चढून त्यांनी लोकांना चित्र आणून दिलं. मग मोठ्या जाळीच्या छत्र्या आल्या, मग या लहान डिश. महिन्याला काही भरावं न लागणारी डिश आमच्या मोहल्ल्यात पन्नासेक घरांवर आहे, त्यातल्या बहुतेक मामाजींनी लावलेल्या. मागल्या वर्षी एका शिडीवरून घसरले, गुडघा दुखावला. तेव्हापासून माझ्या नवऱ्यानं, अंकुशनं, घरची शिडी साखळी घालून कुलपात ठेवली. तरी लोक मामाजींना विचारायला येतात. ते खुर्चीवर बसून सांगतात, की तुझ्या घरामागं कडूनिंब हाय ना, त्याची आग्नेयेची फांदी वाढली असंल, जाऊन पाह्य. आणि ती फांदी वाढलेली असते.

अशा माणसाच्या स्वतःच्या घरात चित्र नाही.

शेजारच्या अंजनाबाई भिंतीवरून विचारायच्या, "काय गा चंपतराव, आमची डिश तुम्ही लावली, चालते. तुमची कोणी लावली?"

मामाजी हसायचे. "एल.एन.बी. तापते उन्हानं," म्हणायचे. एल.एन.बी. म्हणजे डिशच्या समोर दांडीवर बसवलेला तो बोटभर डबा, ज्यात सिग्नल पडतो.

"या थंडीत तापते?" आई आतून.

"तापते. नाजूक राहते ते."

मला त्यातलं काही कळत नव्हतं. मी मान डोलवायची आणि ताराला उचलायची. तारा माझी लेक, सात महिन्यांची.

शेवटी अंकुश एका रात्री जेवताना म्हणाला, "बाबा, आता बस झालं. रविवारी तीन वाजता फायबरवाला येऊन राहिला. टीव्ही त्याच्यावर टाकू. अन् ते डिश काढून भंगारवाल्याले देऊन देऊ, उगाच छतावर जागा खाते."

मला वाटलं मामाजी आता काहीतरी बोलतील. चाळीस वर्षांचा हा धंदा. ताटातली पोळी मोडत ते म्हणाले, "बरं."

एवढंच. आईसुद्धा वाढता वाढता थांबल्या. त्या 'बरं'नं मला नीट झोप लागली नाही. भांडले असते तर बरं वाटलं असतं.

शनिवारी मी नेहमीसारखी ताराचे कपडे घेऊन गच्चीवर गेले. कपड्यांचं सांगायला हवं. पावसाळ्याच्या शेवटी ताराच्या मांड्यांवर पुरळ उठलं होतं, लाल, हात लावला तरी रडायची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लंगोट-दुपटी कडक उन्हात वाळलेलीच घाला, दमट एकही नको. पण आमच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन मजले झालेत. गच्चीवर ऊन येतं ते कठड्याच्या टोकाला, दहा ते दोन, एका पट्ट्यात. त्या पट्ट्याच्या एका टोकाला कॉलमच्या सळया वर निघालेल्या, दुसऱ्या टोकाला डिशचा स्टँड. मी नोव्हेंबरच्या शेवटी त्या दोघांमध्ये नायलॉनची दोरी बांधली. आठवड्यात पुरळ गेलं. मला त्या दोरीचा इतका अभिमान वाटायचा की मी ती माझ्या आईलाही व्हिडिओ कॉलवर दाखवली होती.

त्या दिवशी लहान कपडे वाळत घातले आणि शेवटी ताराची गोधडी टाकली. पाणी पिऊन ती दगडासारखी झालेली.

खालून आईंचा आवाज आला. "गेलं!"

गोधडी वाकडी पडली होती म्हणून मी ती उचलली.

"आलं!"

मी गोधडी परत टाकली.

"गेलं वं बाई, परत गेलं!"

मी तशीच उभी राहिले. मग हळूच गोधडी उचलून छातीशी धरली. पोलकं ओलं झालं.

"आलं!" आई ओरडल्या. "काय खेळून राहिलं हे माझ्याशी?"

दोरी सैल झाली की डिशचा पाइप बोटभर सरळ होत होता. वजन आलं की बोटभर झुकत होता. मला काडीचं कळत नसलं तरी हे कळलं. दहा वाजता मी कपडे वाळत घालते. दोन वाजता काढते. एल.एन.बी. नव्हती तापत. मीच होते ती.

रडूच आलं. गाठ सोडून टाकावी म्हणून स्टँडजवळ गेले, तर तिथं माझी गाठ नव्हती. मी बांधली होती ती आपली साधी, दोन वेढ्यांची. इथं पाइपाभोवती सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळलेला, म्हणजे गंज दोरीला आणि दोरीवरून कपड्यांना लागू नये. त्यावर दोरी तीन वेढे घेऊन स्वतःखालून ओवलेली. अशी गाठ मी आमच्या घरात एकाच ठिकाणी पाहिली होती. मामाजी केबल पाइपाला बांधतात ती.

खाली आले. मामाजी व्हरांड्यात ताराला मांडीवर घेऊन तिच्यासमोर जुना रिमोट नाचवत होते.

"मामाजी," मी म्हटलं, "तुम्हाले माहीत होतं."

त्यांनी माझ्या ओल्या पोलक्याकडे पाहिलं. आत आईंकडे नजर टाकली. "हळू बोल."

"कधीपासून?"

"पयल्याच दिवसापासून. चाळीस वर्षं हेच तर करून राहिलो, बाई. पाइप झुकला ते मले खालून दिसते."

"मग काहून नाही सांगितलं? मी दोरी सोडली असती!"

"म्हणून तर नाही सांगितलं." त्यांनी ताराचं झबलं वर करून मांडी दाखवली. गुळगुळीत, स्वच्छ. "हे पाह्य. डिशले आग्नेयेचं मोकळं आभाळ लागते. हिच्या कपड्याले हिवाळ्यातलं ऊन लागते, थेही तिकडूनच येते. अन् आपल्याजवळ आभाळ तेवढंच उरलं. दोघांतलं एक निवडाचं होतं. त्यात काय इचार कराचा?"

"लोक हसून राहिले तुमच्यावर. अंजनाबाई…"

"हसू दे ना. अंजनाबाई माझ्या लग्नापासून हसते."

"अन् उद्या डिश भंगारात जाईल त्याचं काय?"

ते ताराच्या हातातून रिमोट सोडवत राहिले. तिनं तो सोडला नाही. तेव्हा मला दिसलं की 'बरं' म्हणणं त्यांना किती जड गेलं होतं.

"दुसरी जागाच नाही का हो?"

"हाय एक," ते म्हणाले, जसं काही खूप दिवस तोंडात धरून ठेवलं होतं. "जिन्याच्या खोलीवर. माझा जुना अँटेनाचा पाइप पडला हाय जिन्याखाली, दहा फुटी. थो भिंतीले कसला त डिश दोन्ही घरांच्या वरून पाह्यते. पण तिथं चढाले शिडी लागते." त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला. "अंकुशले म्हणलं असतं त त्यानं आधी विचारलं असतं, इथं काय बिघडलं म्हणून."

मी नरखेडच्या बाजूची. आमच्या संत्र्याच्या बागेत तोडणीला घोडीवर, म्हणजे तिपायी शिडीवर, मी दहाव्या वर्षापासून चढते. अंकुशनं लग्नाआधी हे विचारलं नव्हतं आणि मीही सांगितलं नव्हतं.

रविवारी अंकुशची कन्हानच्या ऑफिसात दोनपर्यंत ड्युटी होती. तो गेला तशी मी आईंना म्हटलं, "आई, डिश वर चढवायची हाय. शिडीची किल्ली?"

त्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा मामाजींकडे पाहिलं. "आज मालिका दिसंन का?"

"दिसंन," मामाजी म्हणाले.

गव्हाच्या कोठीमागून किल्ली निघाली.

पाइप आम्ही दोघांनी वर नेला. मामाजी एकेक पायरी बसत बसत आले, पण आले. तारा त्यांच्या मांडीवर, खुर्ची कठड्याशी, आणि मी शिडीवर. भिंतीत जुन्या अँटेनाचे दोन क्लॅम्प अजून होते. त्यातून पाइप उभा केला.

"सरळ हाय का?" ते.

"सरळच हाय."

"डोयानं नको सांगू. शिडीची किल्ली दोऱ्याले बांध अन् वरून लोंबकळव. दोरा अन् पाइप सोबत चालले पाहिजेत."

पाइपाचं वरचं टोक दोऱ्यापासून बोटभर दूर निघालं. परत कसला. मग डिश.

"मागचा वरखालीचा नट बिलकुल सोडू नको, थो माझ्या हातचा हाय. फक्त डावं-उजवं. आता दहा वाजले ना? या दिवसात दहाले सूर्य बरोब्बर तिकडंच राहते, फक्त आपल्या सॅटेलाइटपेक्षा खाली. त्या एल.एन.बी.च्या दांडीची सावली डिशच्या मधोमध आण."

मोबाइलमध्ये दिशा दाखवणारं काहीतरी असतं, ते मी काढणार होते. राहू दिलं. दांडीची सावली पांढऱ्या डिशवर तिरकी पडली होती, ती केसाकेसानं मधे आणली.

"आई, आलं का?" मी ओरडले.

"पंच्याऐंशी!" खालून. टीव्हीच्या पडद्यावर सिग्नलच्या दोन पट्ट्या लावून ठेवल्या होत्या, त्यातला आकडा.

"चित्र?"

"चित्र नाही!"

मामाजींनी कपाळावर हात मारला. "अवं, थे वरची पट्टी सांगून राहिली! केबल जोडली की वरची पट्टी भरतेच. खालची सांग म्हणा, खालची!"

"आई, खालची पट्टी!"

"खालची रिकामी हाय. मले काय माहीत कोणती पायजे? चाळीस वर्षांत एकदा सांगितलं का यायनं?"

"पूर्वेकडे, माया," मामाजी मला म्हणाले, "तांदळाच्या दाण्याएवढं."

मी दाण्याएवढं हलवलं.

"बारा!… गेली. अठरा!"

"अजून अर्धा दाणा."

"चाळीस! पासष्ट! अवं थांब थांब थांब, हात काढ, बातम्या लागल्या!"

मी हात काढला नाही. नट आवळला, मग काढला. तारा मामाजींच्या मांडीवर टाळ्या पिटत होती, पण ती तर कावळ्यालाही पिटते. मामाजी डिशकडे बघत नव्हते. माझ्या हातातल्या पान्याकडे बघत होते.

"अजून अर्धा आटा आवळ," ते म्हणाले. "माणूस खूश झाला की नट सैल सोडते."

अडीचला अंकुश आला तेव्हा मालिका संपून तासभर झाला होता आणि आई अंजनाबाईंना भिंतीवरून सगळी हकिगत सांगत होत्या. सुनेनं घर सोडलं नव्हतं म्हणे. अंकुशनं टीव्ही पाहिला, मग अंगणातून वर डिश पाहिली, मग बापाच्या गुडघ्याकडे पाहिलं.

"बाबा, तुम्ही चढले?"

"मी कायले चढतो? मी त पोरगी सांभाळून राहिलो होतो."

अंकुशनं माझ्याकडे वळून पाहिलं. माझ्या तळहातावर अजून काळं ग्रीस होतं. मी हात मागे घेतला नाही.

"दहा ते दोनचं काय झालं पण? काय बिघडलं होतं?"

मामाजी घाईनं म्हणाले, "एल.एन.बी.—"

"माझी दोरी होती," मी म्हटलं. "डिशले बांधलेली. मामाजींनी मले कळू दिलं नाही."

अंकुशनं खिशातून मोबाइल काढला. मग बाहेर जाऊन फायबरवाल्याला फोन लावला. "भाऊ, आज नका येऊ… नाही नाही, चालू हाय आमचं. आमच्या घरी मेकॅनिक हाय ना." जरा थांबून म्हणाला, "दोन हाय."

सोमवारी दहाला मी कपडे घेऊन वर गेले. जुना स्टँड आम्ही तिथंच ठेवलाय, दोरीसाठी. ट्यूबचा तुकडा आणि ती गाठ तशीच आहे. ओली गोधडी टाकली. स्टँड बोटभर झुकला. मी कान देऊन उभी राहिले.

खाली बातम्या चालूच होत्या.

मग जिन्यातून मामाजींचा आवाज आला, "माया, ऊन हाय का वं?"

"हाय, मामाजी," मी वरून ओरडले, "भरपूर हाय!"