कोरा खांब

ओल्या मातीत बोट शिरावं तसं ड्रिल सातव्या खांबात शिरलं. शिडी घेऊन येणाऱ्या सुतारकाकांनी पावलं झपाझप उचलली.

"बघा," तळहातावरचा भुसा दाखवत इंजिनिअर बाई म्हणाल्या, "वाळवीनं पार पोखरलाय. ही इमारत उतरवायलाच हवी, काका." आणि त्यांनी अहवालात तसं लिहूनही टाकलं.

वनसंशोधन केंद्रातली ही सर्वांत जुनी इमारत. शंभर वर्षांपूर्वी ती बांधली तीच मुळी प्रयोग म्हणून. व्हरांड्याला एकाच लाकडाचे बारा खांब, आणि प्रत्येकाला वाळवीवरचं वेगळं औषध. कुठलं किती टिकतं, ते पुढच्यांनी बघावं. काका चौतीस वर्षं रोज सकाळी, चहाच्याही आधी, हातोडीच्या दांड्यानं एकेक खांब वाजवून बघत. अंगात ताप असला तरी हा नेम चुकला नाही. "माझी नाही कधी एवढी विचारपूस केलीत," असं बायको म्हणायची. येत्या शनिवारी ते निवृत्त होणार होते.

"मॅडम, रागावू नका. तुम्ही नेमका जावई धरलात."

"कोण जावई?"

"हाच की. मानानं उभा राहतो, कामाला हात लावत नाही. याला मुद्दामच औषध दिलेलं नाही. बाकीच्यांशी ताडून बघायला एक कोरा ठेवलाय. याला वाळवी लागणार, हे बांधणाऱ्यांना ठाऊक होतं. मग ते याच्यावर भार टाकतील होय?"

"असं कुठे लिहिलंय?"

"लिहिलेलं असेल कुठेतरी, मला नाही सापडलं. पण दाखवतो. तो कागद द्या जरा."

काका शिडीवर चढले. खांबाचा माथा आणि वरची तुळई यांच्या फटीत त्यांनी अहवालाचा कागद सरकवला. तो पलीकडून अलगद बाहेर आला.

मग बाई स्वतः वर चढल्या. कागद दोनदा सरकवून पाहिला. खाली उतरून त्यांनी काकांची हातोडी मागून घेतली आणि उरलेले अकराही खांब वाजवले. ठणठणीत! त्यांनी अहवालातली ओळ खोडली.

"काय डोकी होती हो एकेकाची!"

"डोकी तर होतीच, मॅडम. पण आपल्या हयातीत उत्तर मिळणार नाही, हे माहीत असून मांडलेलं गणित आहे हे. मी नुसता राखण करत आलो."

बाई गेल्यावर काकांनी त्या भोकाच्या मापाची खुंटी तासली. पोकळ खांबाला तिचा उपयोग काय, पण उघडी जखम ठेवून जायचं त्यांच्या जिवावर आलं. सवयीनं त्यांनी औषधाचा डबा उघडला, ब्रश बुडवला, आणि हात थबकला.

ब्रश डब्याच्या काठावर निपटून त्यांनी झाकण घट्ट लावलं. मग ती खुंटी तशीच, कोरी, भोकात बसवली.