तीन घरांचं एक डुक्कर

आमच्या गावाचा राखणदार संत रोके हा साथीच्या रोगांपासून वाचवणारा संत. पण त्याने कंत्राट फक्त माणसांचं घेतलेलं असावं. गेल्या वर्षी डुकरांचा ताप आला तेव्हा तो आपल्या कुत्र्यासकट चर्चमध्ये निवांत उभा होता. इकडे सरकारी माणसांनी गोठेच्या गोठे रिकामे केले आणि पुलावर नाका बसवला. तेव्हापासून फिलिपिन्समधल्या इलोइलोच्या आमच्या कोपऱ्यात डुकराचं मांस सोन्याच्या भावाने विकलं जातं, आणि तेही परदेशातून आलेलं, दगडासारखं गोठलेलं. त्याचा रस्सा केला तर पातेल्याला सर्दी व्हावी.

आणि नेमक्या याच वर्षी संत रोकेच्या फिएस्ताला, म्हणजे गावजत्रेला, आमच्या होणाऱ्या विहीणबाई यायच्या होत्या. माझा मुलगा रेनान्ते आणि डोंगराकडची मारिवेल यांचं जुळलं होतं. मारिवेलच्या आईने, म्हणजे मानांग फेलीने, निरोप धाडला होता, "आधी फिएस्ताला येते. माझी पोर कोणत्या टेबलावर जेवणार ते बघते. मग बोलू."

आता फिएस्ताच्या टेबलावर मधोमध अख्खं भाजलेलं डुक्कर, म्हणजे लेचोन, नसेल तर ते टेबल कसलं? कोंबड्या काय, रोजच मरतात. माझी बायको पुरिंग तर रडायलाच बसली. रेनान्ते जेवेना.

तोडगा काढला शेजारच्या मानोंग एस्तोयने. आमच्याकडे वडीलधाऱ्या बाईला मानांग म्हणतात, पुरुषाला मानोंग. हा माणूस सकाळी कॉफी पिताना अख्ख्या आशियाचा डुकरांचा बाजार चालवतो. व्हिएतनाममध्ये भाव चढला की हा खूश, चीनने खरेदी थांबवली की याला अपचन. स्वतःकडे डुक्कर म्हणाल तर भिंतीवरच्या कॅलेंडरवरचं.

"सान्तो, ऐक," तो म्हणाला. "माल कमी आणि गिऱ्हाईक जास्त असलं की माल फिरता ठेवायचा. तू, मी आणि कॅप्टन, तिघांत मिळून एकच लेचोन. सकाळी माझ्याकडे, दुपारी तुझ्याकडे, संध्याकाळी कॅप्टनकडे. तिथे मेयर येणार, तिथेच कापायचा. मग मांस तिघांत वाटून घ्यायचं."

"आणि माझ्याकडच्या पाहुण्यांनी काय करायचं? वास घ्यायचा?"

"म्हणायचं, फादर येऊन आशीर्वाद देईपर्यंत सुरी लावायची नाही. तोवर शेवया वाढ, कोंबडी वाढ. पोट भरलं की कोण विचारतंय?"

गावचा कॅप्टन, म्हणजे सरपंच, लुमावाग लगेच तयार झाला, कारण लेचोन त्याच्याकडेच कापला जाणार होता. पोटात गवती चहा भरलेला, तपासणीच्या शिक्क्याच्या कागदांसकट आलेला तो लेचोन पहाटेपासून निखाऱ्यांवर फिरत फिरत असा तांबूस झाला, की मला त्याच्याशी खोटं बोलायची लाज वाटू लागली.

दुपारी ठरल्याप्रमाणे चौघांनी तो बांबूवर घालून, केळीच्या पानांखाली झाकून, मागच्या गल्लीने आमच्या स्वयंपाकघरात आणला. पुरिंगने पानं उचलली आणि किंचाळली. डुकराचा डावा कान गायब!

"एस्तोय!" मी कुंपणावरून ओरडलो. "कान कुठे आहे?"

"अरे, एक बाई होत्या," एस्तोय ओशाळून म्हणाला. "रस्त्याने चालल्या होत्या. फिएस्ताच्या दिवशी दारावरून माणूस उपाशी जाऊ द्यायचा का? हात धरून आत आणलं. मी त्यांना थायलंडचे भाव समजावत होतो, तेवढ्यात कुर्रकन आवाज आला. बघतो तर कान तोंडात."

"अडवलं का नाहीस?"

"मी थायलंडमध्ये होतो ना!"

पुरिंगने कानाच्या जागी लाल जास्वंद खोचली. डुक्कर नाचायला निघाल्यासारखं दिसू लागलं. मी म्हटलं, चला, कान असलेल्या बाजूने तरी बरं दिसतंय. ती बाजू दाराकडे केली आणि तेवढ्यात दारात मानांग फेली आल्या.

त्या बसल्या. मारिवेल खाली मान घालून बसली. रेनान्ते भिंतीला टेकून उभा राहिला. त्याचा जीव टांगणीला लागलेला मला दिसत होता. मानांग फेलींनी टेबलाला एक सावकाश फेरी मारली आणि दोन बोटांनी जास्वंद उचलली.

"याचा कान कुठे आहे?"

"जन्मतःच नव्हता," मी म्हणालो. का म्हणालो, देव जाणे.

"असं? मग मी मघाशी पलीकडच्या घरात काय खाल्लं?"

पुरिंगने माझ्या पायावर पाय दिला. आता देऊन काय उपयोग!

"बरं, नसेल कान," त्या म्हणाल्या. "उरलेलं तर कापा."

"फादर यायचेत. आशीर्वाद झाल्याशिवाय..."

"फादर तिथे बसलेत की."

मी वळून पाहिलं. कोपऱ्यात फादर शेवयांच्या दुसऱ्या ताटात मग्न होते. कधी आले, कुठल्या दाराने आले, काही पत्ता नाही. त्यांनी काटा हातात धरूनच हवेत क्रूस काढला आणि तोंड भरलेलं असतानाच म्हणाले, "झाला आशीर्वाद."

मानांग फेलींनी पर्स उचलली. "चल, मारिवेल. हे घर पाहुण्यांना डुक्कर दाखवतं, वाढत नाही."

नेमके त्याच क्षणी मागच्या दाराने कॅप्टनचे चार गडी बांबू घेऊन आत आले. "मानोंग सान्तो, झालं का तुमचं बघून? मेयर येऊन बसलेत. कॅप्टन ओरडतोय."

मारिवेल उठली होती. रेनान्ते तिच्याकडे बघत होता आणि त्याचे डोळे भरले होते. पोरगं लहानपणी झाडावरून पडलं तेव्हा रडलं नव्हतं. माझं डोकंच फिरलं. खड्ड्यात गेला कॅप्टन, खड्ड्यात गेला आशियाचा बाजार! मी भिंतीवरचा कोयता काढला आणि त्या लेचोनच्या पाठीवर असा हाणला की कातडीचा तुकडा उडून फादरच्या ताटात पडला.

"बसा, मानांग!" मी ओरडलो. "हे डुक्कर तीन घरांचं आहे, त्यातलं एकच घर माझं, आणि मी ते सगळं कापतोय! खोटं बोललो, चुकलो. पण आता जेवल्याशिवाय कोणी हलायचं नाही!"

गडी बांबू टाकून पळाले. अर्ध्या वाटेवरून त्यातले दोघं ताटं घेऊन परत आले. मागून कॅप्टन लालबुंद होऊन आला. "सान्तो, माझे पाहुणे! मेयर!"

"इकडेच घेऊन या!"

कॅप्टन काहीतरी भयंकर बोलणार होता, पण पुरिंगने त्याच्या उघड्या तोंडात कुरकुरीत कातडी घातली. तो चावत राहिला. चावून झाल्यावर मेयरना बोलवायला स्वतःच गेला. एस्तोय तर कुंपण चढूनच आला. थोड्याच वेळात अंगणात पाय ठेवायला जागा उरली नाही.

मानांग फेली जेवत होत्या. मान वर न करता जेवत होत्या. मी समोर उभा होतो, हातात तेलकट कोयता. शेवटी त्यांनी बोटं चाटली.

"येत्या शनिवारी लग्न," त्या म्हणाल्या.

"शनिवारी?" पुरिंगच्या हातातला डाव पडला. "मानांग, कपडे, आमंत्रणं, काहीच तयार नाही!"

"आमच्याकडे अजून डुकरं उभी आहेत. पुढच्या महिन्यात उभी असतील याची हमी संत रोके देतात का? विचारा तुमच्या फादरना."

फादरनी चटकन पाण्याचा पेला तोंडाला लावला.

"लग्न आमच्या डोंगरावर," त्या म्हणाल्या. "तिथे सगळ्यांनी पोटभर जेवायचं. पण तुमच्या या तापाच्या गावातून आमच्याकडे काहीही आणायचं नाही. मांस नाही, हॅम नाही, सॉसेज नाही." त्यांनी रेनान्तेकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "नवरा तेवढा आणा."